अंगठ्याची आवणी

सातपूर, नाशिक
८ जून २०२५

ती. रंगनाथमामांस सायलीचा सा. नमस्कार.

सर्वांत आधी क्षमा. तुमचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि मी आज उत्तर लिहिते आहे. कारखान्यातली कामं, रुद्रची दहावी अशी कारणं देता येतील. पण खरं सांगायचं तर मी रोज डायरीत ‘मामांना पत्र’ असं लिहून ठेवत होते, आणि ते लिहिलं की पत्रच लिहिल्यासारखं वाटत होतं.

मग परवा वसीम तुमच्या दुकानाचा तांदूळ घेऊन टेम्पोने आला आणि त्याने तुमची चिठ्ठी दिली. “डॉक्टरीण म्हणते सुया टोचू, नाहीतर अंगठा कापू. काय करायचे ते कळव. फोन करू नको.” फोन मी करणारही नव्हते. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि बाकी सगळ्या घोटीला ऐकू जातं.

काल डॉ. शाझियांना भेटून आले. त्या म्हणाल्या, विडीमुळे तुमच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्यांना आतून इजा झाली आहे. त्या आक्रसल्या, काही बुजल्या. अंगठ्यापर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणून जखम आठ महिने भरत नाही. त्यांच्या रुग्णालयात एक अभ्यास चालू आहे. त्यात कमरेच्या हाडातला मगज सुईने काढतात. त्या मगजात मूळ पेशी असतात, म्हणजे स्टेम सेल. अजून कुठल्याही ठरावीक कामाला न लागलेल्या पेशी म्हणा. त्या वेगळ्या करून पोटरीत टोचायच्या.

तुमच्या भाषेत सांगते. भाताची आवणी झाली की खाचरात मधली काही रोपं मरतात, आणि तिथे राखून ठेवलेली रोपं लावून नांग्या भरतात ना? तसंच हे. कमर म्हणजे रोपांचा वाफा, पोटरी म्हणजे खाचर. हे लिहून मी दोनदा वाचलं. बरोबर वाटतं आहे.

अटी तीन. विडी पूर्ण बंद, ओढल्याचं आढळलं तर अभ्यासातून नाव कमी होऊ शकतं. रोज चालायचं. आणि दर आठवड्याला ड्रेसिंग बदलताना पारदर्शक कागद जखमेवर धरून तिच्या कडेने पेनने रेघ मारायची आणि कागद माझ्याकडे पाठवायचा. मी मोजून त्यांना देईन. फोटो तुम्ही काढू देणार नाही हे मी त्यांना आधीच सांगितलं.

उपाय अजून सिद्ध झालेला नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. नोव्हेंबरपर्यंत जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तुमच्या अंगठ्याचं महत्त्व मी त्यांना सांगितलं. वाळत घातलेल्या भातावरून अनवाणी चालून नुसत्या उजव्या अंगठ्याने ओल सांगणारा व्यापारी तालुक्यात दुसरा नाही, असं म्हटल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. काय ते मला दिसलं नाही.

मामींना नमस्कार. उद्याचं काम: संमतिपत्राची मराठी प्रत मागून आणणे.

तुमची,
सायली


घोटी
११ जून

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चार महिने लावलेस, पण काम चोख केलेस. तुझ्या आईचेही असेच होते. तिने पाठवलेली लग्नपत्रिका लग्न लागल्यावर पोचायची.

आजवर तीन डॉक्टरांनी समजावले, काही कळले नव्हते. नांग्या भरणे म्हटल्याबरोबर डोक्यात उजेड पडला. दुकानात सगळ्यांना वाचून दाखवले. भागीबाई बसलेली होती, ती आपल्या खाचरात दरवर्षी आवणीच्या बायका घेऊन येते ती. मी म्हटले, माझ्या कमरेत रोपे आहेत. तर म्हणते, “तरीच! मी म्हणायची, शेठची कंबर अशी काय दिसती!”

मला एक शंका आहे. आमच्याकडे फार दिवसांचे रोप लावले तर फुटवा कमी येतो. मी अडुसष्ट वर्षांचा. माझे रोप तेवढेच जून असणार. डॉक्टरीणबाईंना विचार, कोवळे मिळेल का. वसीम तरणा आहे, त्याच्या कमरेचे चालेल का. तो नाही म्हणतो, पण त्याला समजावता येईल.

विडी बंद. लिहून देतो.

फक्त एक गोष्ट तू लिहायला विसरलीस. राब. जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचे, जमीन भाजायची आणि मग त्यात बी टाकायचे. राब भाजल्याशिवाय रोपाला जोम नाही. शहरात राहून तुला कुठले ठाऊक? काळजी करू नकोस. राबाचे मी माझे बघतो.

रंगनाथमामाचे आशीर्वाद


घोटी
२७ जुलै

चि. सायलीस आशीर्वाद.

७ तारखेला सुया टोचल्या तेव्हा तू बाहेर बसली होतीस, म्हणून आतले लिहितो. आधी पालथे झोपवून कमरेतून रोप काढले. दुखले. मी ओरडलो नाही, फक्त आवाज दिला. तो तुला बाहेर ऐकू गेला असे तुझी मामी म्हणते. मग दुपारी पोटरीत चाळीस सुया. मी मोजल्या. डॉक्टरीणबाईंना म्हटले, तुमच्या ओळी सरळ नाहीत. दोन रोपांत एक वीत तरी सोडा. त्या म्हणाल्या, “मामा, पोटरी केवढी आणि वीत केवढी?” हुशार आहे बाई.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या तीन रेघा सोबत वसीमबरोबर पाठवल्या आहेत. बघ कशी जखम उतरत चालली आहे. आवणी लागली म्हणायची. माझ्या पायाची काही काळजी करू नकोस. तू रुद्रच्या अकरावीचे बघ.

रंगनाथमामा


सातपूर
३ ऑगस्ट

ती. मामांस सा. नमस्कार.

तुमच्या तिन्ही रेघा मिळाल्या. आनंदाने मी त्या दुसऱ्याच दिवशी कारखान्यात नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्निअरने मोजल्या. पहिली सत्तावीस मिलिमीटर, दुसरी पंचवीस, तिसरी तेवीस. आडवी मोजली तरी तेवढीच. उभी मोजली तरी तेवढीच. तिरकी मोजली तरी तेवढीच.

मामा, मी वीस वर्षं तपासणी खात्यात आहे. आमच्या मशीनवर इतका गोल भाग निघाला तर साहेब पेढे वाटतील.

मी स्वतःला समजावलं की जखमा गोल असू शकतात. निसर्गात गोल गोष्टी असतात. मग संध्याकाळी सातपूरच्या बाजारात भाजीवाल्याने सुट्टे दिले, आणि मी मेथीची जुडी हातात धरून तिथेच उभी राहिले. घरी येऊन मोजलं. दहाचं नाणं सत्तावीस. पाचचं पंचवीस. दोनचं तेवीस.

मी आरोप करत नाही, फक्त विचारते. हे वाक्य खोटं आहे. मी आरोप करते आहे, आणि आपल्या सख्ख्या मामावर करते आहे, याचं मला वाईट वाटतं. पण नाणी तेवढीच भरतात, त्याला मी काय करू? पुढच्या आठवड्यात एक रुपयाची रेघ येणार असेल तर तेवढी आधी कळवा. हे कागद मी अजून डॉ. शाझियांना दिलेले नाहीत.

सायली


घोटी
६ आगस्ट

चि. सायली हिस सिंधुबाईमामीचा आशीर्वाद.

माझं लिहिनं चौथीपरयंत, सांभाळून घे. तुझं पत्र मामांनी पोत्याखाली लपवलं ते मला सापडलं.

खरं काय ते मी सांगते. सुया टोचून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी घमेल्यात चिखल कालवला. मी म्हटलं काय करताय, तर म्हनतात, “आवणी झाल्यावर चिखल नको का? सायलीनं लिवलंय.” त्यात पाय घालनार तेवढ्यात मी घमेलं उपडं केलं. माझ्या लुगड्यावर सगळा चिखल. पाय कोरडा राहिला, लुगडं गेलं.

विडीचं तर लय मोठं नाटक हाय. रोज पोत्यांच्या मागं बसून चार विड्या ओढतात. आणि धूर खाली पायावर सोडतात, वाया जाऊ नये म्हनून. मी ओरडले तर म्हनतात, “अगं मी ओढत नाय. राब भाजतोय.” वसीमच्या मेहुण्यानं सांगितलंय म्हने, तपासनीच्या आठ दिवस आधी बंद केली की लघवीत काय कळत नाय.

चालायला तर जातच नाहीत. म्हनतात लावलेलं रोप हलवू नये.

तू रागाव. माझं रागावून झालंय, चाळीस वरसं झाली.

मामी


सातपूर
१० ऑगस्ट

ती. मामांस सा. नमस्कार.

मामींचं पत्र वाचून मला आधी हसू आलं, मग घाबरायला झालं, आणि मग लक्षात आलं की चूक माझी आहे. घमेलं तुम्ही आणलंत, पण चिखल माझ्या पत्रातून आला.

चुकीची उपमा चुकीच्या मापासारखीच. मी पुन्हा डॉ. शाझियांकडे गेले आणि नीट विचारून घेतलं. टोचलेल्या पेशी बहुतेक वेळा स्वतः नवी रक्तवाहिनी होऊन बसत नाहीत. पुष्कळशा थोड्या दिवसांत नाहीशाही होतात. पण असतात तेवढ्या वेळात त्या काही रसायनं सोडतात, हाका मारतात म्हणा. त्या हाकेने तिथल्या, तुमच्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी जाग्या होतात, इजा झालेली जागा सांधू लागतात, शेजारून नव्या बारीक वाहिन्या फुटतात. म्हणजे ते रोप नव्हे. तुमच्या भागीबाईसारखं समजा. त्या स्वतः किती काड्या लावतात? बांधावर उभ्या राहून हाका मारतात आणि वीस बायका कामाला लागतात.

आणि विडीचा राब होत नाही, मामा. विडीचा धूर म्हणजे काम करणाऱ्या बायकांना खाचरातून हुसकणं. आतल्या वाहिन्या ज्याने बुजल्या तेच तुम्ही रोज चार वेळा पाजता आहात. चालल्याने मात्र पायातलं रक्त खेळतं, नव्या वाटांना काम मिळतं.

आता अवघड गोष्ट. २५ तारखेला आपण तपासणीला जाऊ तेव्हा विड्यांचं आणि नाण्यांचं डॉ. शाझियांना सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर उत्तम. नाहीतर मी सांगेन. त्यांनी तुमचं नाव कमी केलं आणि अंगठा गेला तर तो माझ्या तोंडामुळे गेला असं मला जन्मभर वाटेल. हे मी चार दिवस डायरीत उलटसुलट लिहिते आहे. पण खोट्या मापांवर विसंबून त्या उद्या आणखी कुणाच्या पोटरीत चाळीस सुया टोचतील. त्या माणसाचा अंगठाही कशाच्या तरी उपयोगाचा असेल.

रागावलात तरी पत्र लिहा.

सायली


घोटी
१४ ऑगस्ट

चि. सायलीस आशीर्वाद.

पाकिटात पाचाचे नाणे घातले आहे. हीच ती दुसऱ्या आठवड्याची जखम. तिच्याखाली जो वेडावाकडा कागद आहे ती खरी.

पहिल्या आठवड्यात मी खरी रेघ मारली होती. ती आधीपेक्षा मोठी निघाली. ती तुला पाठवायला जीव होईना. गल्ल्यात हात घातला, दहाचे नाणे हाताला लागले. मग पुढच्या आठवड्यात त्याच्यापेक्षा लहान घ्यावेच लागले.

तुला सांगतो, सिंधूला सांगू नकोस. परवा मी दाराला कडी लावून भाताच्या मूठभर दाण्यांवर अंगठा ठेवून पाहिला. काही कळले नाही. ओले की सुके, काही नाही. पायाखाली खडी ठेवली असती तरी तेवढेच कळले असते. पंचवीस वर्षे लोक माझ्या अंगठ्याकडे बघून भाव ठरवतात. अंगठा गेला तर मी कोण? नुसता बहिरा म्हातारा, पोत्यांवर बसलेला.

विड्या आज दुपारी चुलीत घातल्या. सिंधूने स्वतः मोजून घातल्या. डॉक्टरीणबाईंना मीच सांगेन. तू मधे बोलू नकोस, तुझे लांबते.

आणि हे भागीबाईचे आधी का नाही लिहिलेस? हाका मारणारी पाहिजे हे कळले असते तर मी चिखल कशाला कालवला असता? हाका मारणारी तर आपल्या घरचीच आहे.

रंगनाथमामा


घोटी
२८ सप्टेंबर

चि. सायलीस आशीर्वाद.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागले. वहीत लाल शाईने लिहिले, ‘विडी रोज चार, १४ ऑगस्टपर्यंत. मापे तीन, नाण्यांची.’ मग त्यांच्या मोठ्या लोकांना विचारून नाव कायम ठेवले, पण माझा हिशोब वेगळ्या पानावर, आणि यापुढे एक विडी जरी आढळली तरी बाहेर. मला वेगळे पान आवडले. बाकीच्यांना नाही मिळाले.

आता इकडचे. १५ ऑगस्टपासून भागीबाई रोज सकाळी येते. मी तिला तुझे पत्र वाचून दाखवले आणि म्हटले, पायातल्या पेशींना तुझ्यासारखी हाक लागते, तर तूच मार. ती आधी म्हणाली, “शेठ, डोक्यालाबी सुया टोचल्या का?” मग पायासमोर पाट घेऊन बसली आणि आवणीला बायकांवर ओरडते तशी ओरडायला लागली. “ए, कोण बसलंय तिकडं? उठा! ओळ सोडू नका! हाताला काय मेंदी लावलीय?” मला कमी ऐकू येते, तरी पूर्ण ऐकू आले. रस्त्यावर माणसे थांबली.

तिसऱ्या दिवशी म्हणते, “असं नाय जमायचं. काम कोण करतंय ते मला दिसाया पाहिजे. उठा, चाला.” मी म्हटले, पोटरी दुखते. म्हणाली, “माझ्या बायकांची कंबर दुखती, त्या बसत्यात का?” तेव्हापासून ती मला बांधावरून चालवते. दुखले की थांबू देते, दहापर्यंत आकडे मोजते आणि पुन्हा हाकलते. तिला दहापर्यंतच येतात आणि ती सातपासून सुरू करते. परवा मी कुणाच्या तरी विडीच्या बंडलाकडे नुसते पाहिले, तर म्हणाली, “कामावर विडी चालत नाय. मजुरी कापीन.” मजुरी मीच तिला देतो, पण मी पुढे चालू लागलो.

तिचे म्हणणे, आतल्या बायका आता कामाला लागल्या आहेत, तिला आवाजावरून कळते. मी तुझ्यासाठी खऱ्या रेघा पाठवतो. वाकड्या आहेत, बघ.

रंगनाथमामा

ता.क. वसीमच्या मेहुण्याला भागीबाई भेटली. तो आता घोटीवरून येत नाही, बाहेरून जातो.


सातपूर
१६ नोव्हेंबर

ती. मामांस सा. नमस्कार.

या वेळी मी उशीर केला नाही, हे आधी नोंदवते. सोमवारीच आपण भेटलो, तरी लिहिते आहे, कारण समोर तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.

तुमच्या ऑगस्टनंतरच्या सगळ्या रेघा मी मोजल्या. एकही गोल नाही. एक बेडकासारखी आहे, एक त्र्यंबकच्या डोंगरासारखी, आणि शेवटची भाताच्या दाण्याएवढी, लांबी साडेसहा, रुंदी अडीच. इतकी सुंदर वाकडी रेघ मी वीस वर्षांत पाहिली नाही. ती डॉ. शाझियांना देण्याआधी मी आणखी दोनदा मोजली. सोमवारी त्यांनी तुमचा पाय पाहिला, घोट्याशी रक्तदाब मोजला, तो आधीपेक्षा थोडा बरा निघाला, आणि म्हणाल्या, “अंगठा राहील.” तुम्ही “काय?” म्हणालात. त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं. मला तिन्ही वेळा रडू आलं.

मी मग त्यांना विचारलं की हे पेशींनी झालं, विडी सुटल्याने झालं की चालल्याने. त्या म्हणाल्या, “एका माणसावरून नाही सांगता येत, म्हणून तर अभ्यास करतो.” मला हे उत्तर फार आवडलं. मी ते डायरीत उतरवलं. तुम्ही मात्र परतीच्या वाटेवर वसीमला सांगत होतात की हे भागीबाईने झालं. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, याचा विचार चालू आहे.

पण घोटीला पोचल्यावर तुमच्या अंगणात जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवं भात पसरलेलं. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या, भागीबाई पाटावर. तुम्ही चप्पल काढलीत, अंगठा दाण्यांत घातलात, डोळे मिटलेत आणि तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिलात. मला वाटलं, नाही कळत. मामींनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी माझा हात धरला. मग तुम्ही म्हणालात, “चौदा. अजून एक ऊन लागंल.” वसीमने ओल मोजायचं यंत्र लावलं. चौदा पूर्णांक तीन. आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “यंत्र दुरुस्त करून घे रे.”

तुमचं पाचाचं नाणं मी खर्च करणार नाही. ते डायरीत ऑगस्टच्या पानावर चिकटवलं आहे आणि खाली ‘जखम नव्हे’ असं लिहिलं आहे, म्हणजे पुढेमागे कुणाचा गैरसमज नको.

निघताना भागीबाईंनी मला दाराशी गाठलं. म्हणाल्या, “पोरी, माझा गुडगा लय दुखतो. शेठला लिवलं तसं मलाबी नीट समजावून लिव. वसीम वाचून दावील.” मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून मला धड झोप नाही, कारण मी टेम्पोत बसत असताना त्यांनी वसीमला विचारलेलं ऐकलं, की गुडघ्याला राब कुठून भाजायचा, वरून की खालून.

मामींना नमस्कार. त्यांच्यासाठी लुगडं घेतलं आहे, वसीमबरोबर पाठवते.

तुमची,
सायली

उद्याचं काम: भागीबाईंना गुडघ्याबद्दल लिहिणे. उपमा न देता.